वेतन कक्षातले दोन धर्मराज

बोला, विठ्ठल विठ्ठल! — मंडळी, ऐका. आजचा प्रश्न सोपा आहे. नियमातून वाट कधी सापडते? सांगा! पेटीवाले, तुम्ही तरी? — बरं, मीच सांगतो.

तुम्ही मला बुवा म्हणता. पण दिवसा हा बुवा विद्यापीठाच्या वेतन कक्षात कारकून असतो! तिथं माणसं दोन. एक लेखापाल खांबेटेसाहेब — आणि दुसरं हे ध्यान!

साहेबांचा नियम एकच. वीस तारखेपर्यंत विभागाची हजेरी आली नाही, तर पगार निघणार नाही! मग तो प्राध्यापक असो की शिपाई.

एकवीस तारखेला खिडकीशी आल्या इंदुबाई कसबे. मुलींच्या वसतिगृहात झाडलोट करतात. "साहेब, अधीक्षक मॅडम गावाला गेल्या होत्या, सही आज मिळाली. घ्या की! पोरीला नर्सिंगला नंबर लागलाय. पाच तारखेपर्यंत फी भरली नाही, तर जागा जाते हो!"

साहेब म्हणाले, "आता बसत नाही, बाई. पुढच्या महिन्यात दोन्ही पगार एकदम मिळतील."

आणि मी? कपाळाला बुक्का, गळ्यात माळ! मी मागून म्हणतो कसा — "नियम म्हणजे नियम, इंदुबाई!" अहो, कोणी विचारलं होतं मला? पण ढोलकीशेजारच्या झांजेला गप्प बसवतं का कधी? बाई डोळे पुसत गेल्या.

एक तारीख उजाडली! सगळ्या विद्यापीठाचे मोबाइल वाजले — टुंग, टुंग! साहेबांचा गप्प. माझाही गप्प! शोधाशोध केली, तर वेतन कक्षाची हजेरीच गेलेली नाही! पाठवायची कोणी? मी! आणि वीस तारखेला मी कुठं होतो? शेजारच्या गावी — 'कर्तव्य' या विषयावर कीर्तन करत!!

हसा, हसा! घरी हिनंही हेच केलं. म्हणाली, "आता खा तुमचं कर्तव्य, भाकरीबरोबर!"

मग काय! नियमांचं पुस्तक काढलं. चहा निवायच्या आत सापडलं — "साहेब! पूरक बिल! राहिलेल्यांचा पगार तीन दिवसांत काढता येतो!" मी नाचायचाच बाकी होतो.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बुवा, हे पुस्तक एकवीस तारखेलाही याच कपाटात होतं ना?"

मंडळी, लाज वाटली! खरंच वाटली.

पूरक बिलात पहिलं नाव इंदुबाईंचं घातलं. साहेब स्वतः कुलसचिवांच्या दारात सहीसाठी उभे राहिले. चार तारखेला पगार जमा — पाचला फी भरली! पोरीची जागा राहिली. बाई पेढे घेऊन आल्या. पहिला पेढा मला! तो मी गुपचूप साहेबांच्या हातावर ठेवला!

मला हसलात ना? आता तुमच्याकडे वळतो! कोणी रेशनच्या दुकानात बसतं, कोणी बँकेत, कोणी सोसायटीच्या कमिटीवर. उद्या तुमच्याही समोर कोणीतरी कागद धरून उभं राहील. 'बसत नाही' म्हणायच्या आधी घटकाभर समजा, की पगार आपलाच अडलाय. आणि मग शोधा! तरीही वाट सापडली नाही — तर खुशाल 'नाही' म्हणा. पण शोधलीत का, हे त्या विठ्ठलाला सांगावं लागेल. आणि त्याच्यापुढे माझी 'नियम म्हणजे नियम' ही थाप चालत नाही!

बोला, विठ्ठल विठ्ठल!