पाय बधिर ठरले तेव्हा

सोलापुरात गिरणीचा भोंगा वाजायचा, तेव्हाची गोष्ट. मला साखर निघाली होती. डॉक्टरनं पाय लांब करून बसवलं आणि म्हणाला, “डोळे मिटा.” मिटले. तळव्याला टाचणी टोचू लागली. दुखत होतं, पण टाचणीला ओरडणारा मी नव्हे.

डोळे उघडले तर डॉक्टरचा चेहरा उतरलेला. “दहादा विचारलं, टोचतंय का? दोन्ही पाय बधिर झालेत.”

सोबत आलेली बायको हसली. “पाय न्हाय डॉक्टर, कान! मागाच्या खडखडाटात जन्म गेला ह्यांचा. ओठ बघूनच ऐकत्यात. डोळं मिटल्यावर काय ऐकनार?”

डॉक्टरनं माझ्या पायांपुढं टॉवेल आडवा धरला, समोर बघून पुन्हा विचारलं.

“टोचतंय की!” मी मागावरच्या सवयीनं गरजलो.

ते ऐकून बाहेर नंबर लावून बसलेले दोघे पेशंट उठून घरी गेले म्हणे.