तिसऱ्या खुर्चीचा पाय

(जेवणघर. मिस्त्री फरशीवर बसून मोडकी खुर्ची न्याहाळतोय. घरमालकीण दाराशी उभी.)

मिस्त्री : दोन महिन्यांत तिसरी खुर्ची, वहिनी! अहो, हत्ती बसवा, कुरकुरणार नाही. माझ्या हातचं काम आहे.

वहिनी : मुलगी झुलत होती. पडली.

मिस्त्री : मागच्या वेळी पाहुणे झुलत होते. झुलून मोडली तर सांधा निखळतो. हा पाय मधोमध फाटलाय. खुर्ची उचलून आपटली की असं होतं.

वहिनी : तुम्ही सुतार की पोलीस?

मिस्त्री : चाळीस वर्षं लाकूडच वाचतोय. हात का लपवताय?

वहिनी : हे टेबल आमच्या साहेबांनी, मुलीच्या बाबांनी, स्वतः आखलंय. वर कापड घालायचं नाही, लाकूड दिसलं पाहिजे. पेल्याचा ओला डाग उठला, की संपलं. पहिली खुर्ची या हातावर मोडली. दुसरी पाठीवर.

मिस्त्री : माणूस आहे की राक्षस!

वहिनी : आईला सांगितलं. म्हणाली, एवढा मोठा आर्किटेक्ट, तो कशाला खुर्च्या मोडेल?

मिस्त्री : आणि ही?

वहिनी : आज पेला मुलीचा होता. सहा वर्षांची आहे हो ती. त्यांनी खुर्ची उचलली.

मिस्त्री : पोरीवर?

वहिनी : मी हिसकावली. घातली त्यांच्या डोक्यात. पाय तुटेपर्यंत घालत राहिले.

मिस्त्री : थांबा. आत कोण कण्हतंय?

वहिनी : तेच. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय, पोलीसही. पण पहिला फोन तुम्हाला केला, बघा. खुर्ची मोडली की मिस्त्री, ही सवयच लागलीय.

मिस्त्री : पोरगी कुठाय?

वहिनी : शेजारी. आता मला वेडी ठरवतील आणि तिला त्यांच्या हवाली करतील. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

मिस्त्री : आधीचे दोन पाय आहेत माझ्याकडे.

वहिनी : फेकले नाहीत?

मिस्त्री : माझं काम कशानं मोडलं, हे कळल्याशिवाय मी तुकडा फेकत नाही. पेन्सिलीनं तारीख टाकून फळीवर ठेवतो. एकावर रक्त होतं.

वहिनी : तुम्हाला दिसलं होतं?

मिस्त्री : दिसलं होतं. मोठं गिऱ्हाईक म्हणून तोंडाला कुलूप लावलं. लाज वाटते, वहिनी.

वहिनी : आता उघडाल?

मिस्त्री : खाली गाडी आली वाटतं.

वहिनी : मिस्त्री, हा पाय जोडू नका.

मिस्त्री : नाही जोडत. आज तारीख काय?