बदकाच्या बोटीवरून चौतीस नारळ लुटल्याच्या तक्रारीबाबत

दिनांक ४ ऑगस्ट २०२५, सोमवार. वेळ दुपारी १ वाजून २० मिनिटे.

नाव : कु. दिपमाला प्रेमराज बाविस्कर. वय १६ वर्षे. व्यवसाय : शिक्षण, अकरावी विज्ञान. राहणार मेहरूण, जळगाव. मूळ गाव एरंडोल तालुक्यात. पालक म्हणून हजर : वडील प्रेमराज कौतिकराव नव्हे, प्रेमराज झिपरू बाविस्कर (कौतिक हे काका आहेत, हवालदार साहेबांची गल्लत झाली).

मी समक्ष हजर राहून माझ्या तोंडाने सांगते की, मी वरील पत्त्यावर आईवडील, चार वर्षांचा भाऊ, आजी भागाबाई, काका कौतिक, काकू व काकांचे दोन मोठे मुलगे यांच्यासह राहते. हवालदार साहेबांनी मी बोलायच्या आधीच "मला झाल्या प्रकाराचा पश्चात्ताप होत आहे" हे वाक्य टाइप करून ठेवलं होतं. ते माझं नाही. मी काढायला सांगितलं, महिला फौजदार मॅडमनी काढायला लावलं.

काल रविवारी आमच्या घरी कानबाई बसली. कानबाई म्हणजे आमच्याकडे नारळ. हा नारळ आजीच्या सासूच्या सासूने गावाहून परणून आणला, म्हणजे लग्न लावून आणला. तेव्हापासून तोच आहे. दरवर्षी त्याला डोळे व नथ लावतात, साडी नेसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी पाण्यावर नेतात. पाण्यावर दागिने उतरवायचे, जुना नारळ तीन वेळा बुडवून घरी परत आणायचा आणि सोबतचा नवा नारळ पाण्यात सोडायचा, ही आमच्या घरची रीत. कानबाई परत येईपर्यंत आजी पाणीसुद्धा पीत नाही.

रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजतात तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. यंदा पाच जणांच्या मुठी पडल्या : पप्पा, काका, काकांचे दोन मुलगे आणि माझा भाऊ, ज्याला अजून चड्डी उलटी घालायची सवय आहे. माझी मूठ नसते. हे तक्रार म्हणून सांगत नाही. पुढे कोण कुठे उभं होतं हे समजावं म्हणून सांगते.

आजीचे गुडघे गेले आहेत आणि मोतीबिंदूमुळे तिला आकारच तेवढे दिसतात. म्हणून यंदा ती तलावावर आली नाही. निघताना ती म्हणाली होती, "नारय पोरगीजोडे दे." काका म्हणाले, घरात माणसं असताना पोरीने कशाला. माणसांनी मग नेला.

सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी आम्ही मेहरूण तलावाच्या घाटावर पोहोचलो. गर्दी होती. काकांच्या डाव्या हातात मोबाईल होता, कारण सुरतचे नातेवाईक व्हिडिओवर दर्शन घेत होते. काकांनी दागिने उतरवले, कॅमेऱ्याकडे बघून हसले, नवा नारळ तीन वेळा बुडवला आणि जुना पाण्यात सोडून दिला. सुरतच्या लोकांनी हात जोडले. मी ओरडले तेव्हा काका म्हणाले, आवाज करू नको, लाईव्ह चालू आहे.

जुना नारळ आतून पूर्ण वाळलेला असल्याने हलका आहे. तो वाऱ्याने लगेच आत गेला. त्याच वेळी बोटिंगचे ठेकेदार छगन यांचा कामगार झुलाल हा वल्ह्याच्या बोटीतून फिरत होता आणि लांब दांड्याच्या जाळीने लोकांनी सोडलेले नारळ काढून पोत्यात भरत होता. आमचाही भरला. मी घाटावरून हाक मारली. झुलालने हात हलवून टाटा केला.

मी ठेकेदारांकडे गेले. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खमंग ढोकळा खात होते. म्हणाले, "पाण्यात पडलं ते ठेक्याचं. एवढीच माया होती तर सोडला कशाला?" घाटावरच्या दुकानात त्यांचेच नारळ विकायला असतात. सकाळी काकांनी तिथूनच घेतलेल्या नव्या नारळावर कुंकवाचं जुनं बोट मी पाहिलं होतं. म्हणजे भाविक सोडतात, झुलाल काढतो, छगनशेठ धुतात, भाविक पुन्हा घेतात. देवीला किती वेळा तोच नारळ मिळाला असेल याचा हिशोब तिनेच ठेवावा.

मी घाटावर परत आले. आमचे पुरुष विचारविनिमय करत होते. काका पप्पांना हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे. आईले कोठे दिखस? हाऊ नवा ठी देऊत, डोया लावा का झायं." म्हणजे नव्यालाच डोळे लावून घरी ठेवून द्यायचं. मॅडमनी विचारलं की पप्पा यावर काय म्हणाले. पप्पा काही म्हणाले नाहीत.

माझा भाऊ रडायला लागला. पाच मुठींपैकी त्याच एका मुठीला काहीतरी वाटलं, याची नोंद घ्यावी.

घाटाला बदकाच्या आकाराची पायाने चालवायची बोट बांधलेली होती. तीत माझी मैत्रीण सपना (वय १५) फोटो काढायला बसली होती. तिने तिकीट घेतलेलं होतं. मी दोरी सोडली व उडी मारली. सपनाचा यात काही दोष नाही, तिला निघाल्यावर कळलं. मी तिला पॅडल मार म्हटलं, तिने मारलं. एवढी समज आमच्या घरात कुणी दाखवली असती तर मी आत्ता तासाला बसले असते.

ठेकेदारांच्या तक्रारीत लिहिलं आहे की आरोपी मुलींनी "समुद्री डाकूंप्रमाणे काळा झेंडा लावून" पाठलाग केला. याबाबत सांगते की, तो सपनाचा दुपट्टा होता. वाऱ्याने तिच्या तोंडावर येत होता म्हणून तिने बदकाच्या मानेला बांधला. तो काळा आहे, त्यावर पांढरी फुलं आहेत. छगनशेठना फुलं कवट्यांसारखी दिसली असतील तर त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. तसंच, ज्या तलावाला चालत फेरी मारायला तासही लागत नाही त्याला तक्रारीत "खोल समुद्रासारखा" म्हटलं आहे. मी समुद्र पाहिलेला नाही. छगनशेठनीही पाहिलेला नसावा.

मॅडमनी विचारल्यावरून पाठलागाची हकीकत सांगते. श्रावणात तलावावर वारा पश्चिमेकडून असतो. झुलालला घाटाशेजारच्या बोटींच्या धक्क्याकडे यायला वाऱ्याच्या तोंडी वल्हवावं लागत होतं आणि पोतं जड होतं. मी त्याच्या मागे गेलेच नाही. तो आणि धक्का यांच्या मध्ये जाऊन बदक आडवं लावलं. तो डावीकडे वळला, आम्ही डावीकडे. तो उजवीकडे वळला, आम्ही उजवीकडे. घाटावरचे लोक टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्या वेळी बदकाची चोच त्याच्या बोटीच्या कडेला बसली, मी त्याची जाळी पकडून दोन्ही बोटी जवळ ओढल्या आणि त्याच्या बोटीत उडी मारली.

मी झुलालला मारलं नाही. मी म्हटलं, "काका, पोतं द्या." त्याच्या हातात वल्हं होतं, माझ्या हातात त्याची जाळी होती. तो माझ्या वडिलांपेक्षा मोठा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःहून पाण्यात उतरला. पाणी त्याच्या कमरेइतकं होतं. तो चालत काठाला गेला. वाटेत त्याची एक चप्पल तरंगत होती ती सपनाने काढून दिली. ती त्याने घेतली.

पोत्यात चौतीस नारळ होते. डोळे-नथ नसले की सगळे सारखेच. आमचा कोणता, हे मी कानाने ओळखलं. आजी दरवर्षी कानबाई बसवण्याआधी नारळ कानाशी हलवते. लहानपणी ती मलाही हलवायला द्यायची, काकांच्या मुलांना नाही, कारण त्यांना ऐकायला वेळ नसायचा. ओल्या नारळात पाणी डुचमळतं. आमच्या नारळात पाणी नाही, आतला गोटा सुटून खुळखुळतो. मी एकेक नारळ हलवत गेले. पाणी असलेला प्रत्येक नारळ तलावात परत टाकला. ठेकेदारांनी याला "मालाची नासधूस" म्हटलं आहे. ज्याने ज्या देवीसाठी सोडला होता तो मी तिला परत केला.

मधल्या काळात छगनशेठ मोटारबोटीने शिट्टी वाजवत आले. ते म्हणत होते, "खाली बस, पोरी! बोट जप्त करीन! बापाला बोलवीन!" बाप काठावर उभाच होता. सव्विसावा नारळ खुळखुळला. मी तो सपनाने बदकाच्या मानेवरून सोडून दिलेल्या दुपट्ट्यात बांधून गळ्यात अडकवला. उरलेले आठही परत टाकले, कारण अर्धं काम ठेवायची मला सवय नाही.

मी त्यांना ढकललं हे खोटं आहे. ते पोतं ओढायला त्यांच्या बोटीत उभे राहिले. धक्क्यावर त्यांच्याच सहीचा फलक आहे, नियम क्रमांक एक : बोटीत उभे राहू नये. त्यांनी स्वतःचा फलक वाचलेला नाही किंवा ढोकळ्याने तोल गेला. ते बसले ते पाण्यात. शिट्टी तोंडातच होती, ती एकदा वाजली. घाटावर निदान पन्नास मोबाईल चालू होते, मॅडमनी कोणताही मागून घ्यावा.

सकाळी ९ वाजून ३५ मिनिटांनी आम्ही बोट होती तिथे बांधली. बोटीचं काहीही नुकसान नाही. घाटावर मला पोलिसांनी थांबवलं आणि नारळ मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. मी पावती मागितली. तोपर्यंत काका नवा नारळ साडीत गुंडाळून घरी गेले होते. पप्पा माझ्यासोबत आले. रिक्षात ते म्हणाले, "शेठची माफी मागून टाक, विषय संपव."

जबाब सुरू असताना ३ वाजून १० मिनिटांनी माझी आजी भागाबाई (वय ७८) काकूचा हात धरून ठाण्यात आली; काकूच्या पिशवीत तो नवा नारळ होता. पुढचं तिच्यासमोर सांगते.

काकांनी घरी नव्या नारळाला डोळे लावून तो आजीच्या मांडीवर दिला. आजीने तो कानाशी हलवला आणि काकांना परत दिला. म्हणाली, "हाई मनी नही. मनी कोठे शे?" म्हणजे ही माझी नाही, माझी कुठे आहे. काकांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. आजी उंबऱ्यात बसून राहिली. शेवटी काकूने खरं सांगितलं. इथे पोहोचली तेव्हा आजीचे ओठ कोरडे पडले होते. हवालदार साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने हाताने बाजूला सारला.

मॅडमनी टेबलावरचा, चिठ्ठी बांधलेला नारळ तिच्या हातात दिला. आजीने कानाशी नेला. हलवला. पुन्हा हलवला. मग म्हणाली, "हाई मनी शे. कोन लई उनं?"

कोणी आणली, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी.

तक्रार देऊन ठाण्यातच बसलेले छगनशेठ म्हणाले, म्हातारीला कसं कळणार, नारळ सगळे सारखेच. मॅडमनी दोन्ही नारळ स्वतः हलवून पाहिले आणि त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात मागे घेतले. मॅडमनी विचारलं, उरलेले तेहतीस नारळ तुमचे कसे, खरेदीची पावती आहे का. छगनशेठ म्हणाले, कपडे ओले आहेत, बदलून येतो. कपडे केव्हाच वाळले होते. ते ३ वाजून ३० मिनिटांनी गेले. अजून आलेले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, नारळ घरी न्यायचा तर पालकाने सही करावी. पप्पांनी पेन घेतलं. आजी म्हणाली, "तू थांब, प्रेमराज. पानीवर बी थांबेलच व्हतास ना." पप्पांनी पेन खाली ठेवलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढला वरीसले मुठी कितल्या अन् कोन्या मोजान्या, ते मी दखसू." पुढच्या वर्षी मुठी किती आणि कोणाच्या मोजायच्या ते ती बघणार, एवढं बोलून तिने ग्लास मागितला आणि पाणी प्यायली. दुसराही प्यायली.

हवालदार साहेबांनी हा जबाब पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला, मी व आजीने ऐकला, आणि तो मी बोलले तसाच उतरला आहे. फक्त एक दुरुस्ती आहे. वर पालक म्हणून वडिलांचं नाव आहे. ते खोडून तिथे "आजी भागाबाई झिपरू बाविस्कर" असं लिहावं. खोडल्याच्या जागी माझी सही आहे. शेजारी आजीचा अंगठा आहे.

पप्पांनी विचारलं, मी कुठे सही करू. हवालदार साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. जागा उरलेली नव्हती.