ऊन खायला

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिंप्याच्या शेजारी सासू-सून बोलत होत्या. ऐकायचं नाही म्हटलं तरी त्याचे कान तिकडेच.

"आई, इथल्या थंडीत तुमचे सांधे धरणारच. आपण सगळेच गाव बदलू."

"धाकट्याकडे जायचं?"

"तिथे उन्हाळ्यात भाजून निघाल. समुद्राकाठी बरं."

"आणि तुझी नोकरी?"

"दुसरी धरीन."

"पिकल्या पानासाठी कुणी बिऱ्हाड हलवतं का गं?"

"नातीची वेणी घालायला तुमची बोटं वळायला नकोत?"

सासूने बोटं मिटून-उघडून पाहिली. तेवढ्यात नर्सने शिंप्याला हाक मारली. "आधी दुसऱ्याला सोडा," तो म्हणाला.

"अंगणाचं घर बघ मग," सासू म्हणाली.

"अंगण कशाला?"

"एवढ्या लांब ऊन खायला जायचं, आणि घरात बसायचं होय?"