ओव्या संपेस्तोवर गिरणी चालू

हॅलो?… हॅलो! कोण, एक्स्चेंज?… पूर्णेहून ट्रंककॉल? द्या की मग. आबासाहेबांचंच घर हाय हे. मी नर्मदाबाई.

अहो, बोला. पोचलात?… ऐकायले मी. ओरडू नका, पूर्णा काही विलायतेत न्हाई.

… रेडिओ? हो, लावलाय. व्हॉल्व्ह तापायलेत.

… न्हाई, चुकून न्हाई. मुद्दाम लावलाय.

… 'हात लावू नको' म्हणून सांगून गेलात, ठाऊक हाय मला. हात न्हाईच लावला. पदरानं धरून पिन काढली.

… कंची म्हणजे? पाठीमागची. जाताना तुमी ती अडीचशे व्होल्टच्या भोकात घालून गेलात ना? अहो, सांजच्याला आपल्या परभणीत लाईट येती कितीशी? गल्लीतली मुंजाजीची पिठाची गिरणी सुरू झाली की बल्बचा निखारा होतोय. अडीचशेवर रेडिओ बोलत न्हाई, कण्हतो. म्हणून पिन दोनशेवर आणली. आता असा खणखणीत बोलायलाय की शेजारच्या कमलबाई दचकून ओसरीवर आल्या.

… हो, हो… अहो, ऐका तर. ते बी ठाऊक हाय. गिरणी थांबली की लाईट एकदम उसळणार, आणि दोनशेवरचा रेडिओ धूर काढणार. मागच्या दिवाळीला व्हॉल्व्ह उडाला, तो मुंबईहून येईस्तोवर आपण रेडिओवर पानाचं तबक ठेवत होतो. विसरले न्हाई मी.

… मग काय म्हणजे? गिरणी थांबलीच न्हाई तर?…

हसू नका. ठरलंय. रेडिओवर आपल्या लेकीच्या, छबूच्या ओव्या संपेस्तोवर मुंजाजीचा पट्टा थांबायचा न्हाई. गल्लीतल्या समद्या बाया डबे घेऊन गिरणीपुढं रांगेत हायेत. एकीचं संपायच्या आत दुसरीचं पडायलंय.

… मुंजाजी कशाला तक्रार करंल? त्यानं एवढंच इचारलं, गावात लगीन कुणाचं म्हणून.

… हो, होईल शिळं. इतकं पीठ एकदम दळून ठेवलं की ज्वारीची विरी जाती, चिकटपणा राहत न्हाई, भाकरी थापताना तुटती. हे तुमी मला शिकवता? जलमभर थापल्या मी, तुमी नुसत्या मोडल्या. तुटक्या खाऊ म्हणाल्यात समद्या. तुमच्या ताटात बी तुटकीच येईल, आत्ताच सांगून ठेवते.

… काय? इज्जत?

आता आलं बाहेर! मग इतका वेळ लाईटीला कशाला बदनाम करायलात? सरळ म्हणा की, पोरगी रेडिओवर गाती ते सोसवत न्हाई… हो, नाव पुकारतील. तुमचं बी पुकारतील, बापाचं म्हणून… अहो, जात्यावरच्या ओव्या हायेत त्या. माझ्या मांडीवर डोकं ठेवून शिकली ती. मी पहाटे दळायची, तवा तुमी गोधडीत पडून ऐकायचात. इज्जत कुठं निजली होती तवा?… तिच्या सासरच्यांना चालतंय, हैदराबाद रेडिओ स्टेशनला चालतंय, एका तुमच्या पागोट्याला चालंना. आता घरोघरची जाती बंद पडली, आणि जात्यावरची ओवी ऐकायला गिरणी चालवावी लागायलीय, तरी मी काही म्हणाले का?

… न्हाई. बंद करणार न्हाई… न्हाई म्हणते ना.

… पॉवरहाऊसला फोन लावता? लाईन तोडायला सांगता? लावा की. पॉवरहाऊसचे मॅनेजर चंद्रभानराव हितं आपल्याच सतरंजीवर बसलेत, मंडळी घेऊन. देऊ का फोन?… चंद्रभानराव, आमचे मालक हायेत… ते हातानंच न्हाई म्हणायलेत. तोंडात चहा हाय म्हणं.

… कोण? एक्स्चेंज? तीन मिनिटं झाली? वाढवा दादा, वाढवा. हितं कुणाचं काही संपलेलं न्हाई.

थांबा हो जरा… अहो कमलबाई, लेकराला गप करा, लागलं! ती सांगणारी बाई बोलायली…

… अहो?… हॅलो?… ऐकायलात ना?

… थांबा. हे काय? ती बाई मला दोन्ही कानांनी ऐकू यायलीय. ह्या कानात आपला रेडिओ, अन् त्या कानात… तुमी बसलात कुठं?

… किशनरावांच्या क्वार्टरात. रेल्वेच्या… हां. रेल्वेची लाईट तिच्या स्वतःच्या इंजनावर हाय. ना चढती, ना उतरती… बरं. रातीपासनं पूर्णेला जे तातडीचं काम निघालं होतं, ते हे व्हय?

… न्हाई, मी कुठं काय म्हणाले? आवाज कसा येतोय तिकडं?… आमच्याकडं बी चांगला हाय.

आता बोलू नका. छबूनं पहिली ओवी उचलली…

…

… काय गं दगडाबाई? गिरणीवरनं पळत का आलीस?… संपलं? समद्यांचं?… कुणाच्याच घरात न्हाई?

अहो, ऐका. गिरणीत घालायला दाणा उरला न्हाई. मुंजाजी पट्टा काढायलाय. मोकळी फिरवली तर दगड दगडाला खातो म्हणतो… मी रेडिओ बंद करून पिन बदलू? तिची ओवी तोंडात असताना? ते व्हायचं न्हाई. घरात एक पोतं हाय अजून… हो, तेच. बियाण्याची ज्वारी. तुमी कणसं निवडून, लिंबाचा पाला घालून ठेवलेली. पेरणी तोंडावर हाय, ठाऊक हाय मला. एकदा दळली की रानात जायची न्हाई… मी इचारायले न्हाई, सांगायले…

… काय म्हणालात?

… पुन्हा म्हणा. जोरात. दगडाबाईला ऐकू जाऊ द्या.

… ऐकलंस ना? उचल ते पोतं. तू बी हात लाव, कमलबाईंना बी घे… थांब, थांब गं, मालक आणखी काहीतरी म्हणायलेत…

… हां… हां… सांगते.

दगडाबाई! मुंजाजीला म्हणावं, मैद्यावाणी बारीक दळ. जास्ती वेळ पुरंल.

ठेवा आता.