चाळीस अनधिकृत वृक्ष

व्यासपीठ विभूषित करणारे सन्माननीय अध्यक्षमहोदय, त्यांच्या दोन्ही बाजूंस ज्येष्ठतेनुसार विराजमान झालेले पाहुणे, कडेच्या घडीच्या खुर्चीत अंग चोरून बसलेले आजचे सत्कारमूर्ती माळीबुवा, आणि अल्पोपाहाराच्या आशेने अविचल राहिलेल्या श्रोतृवृंदा,

उद्यान खात्याचा अभिलेखपाल या नात्याने, शहराच्या मध्यवर्ती बागेचा इतिहास कथन करण्याची मला आज्ञा झाली आहे. इतिहास संक्षिप्त आहे. आरंभी तेथे उकिरडा होता. तदनंतर एकतीस वर्षांत चौदा उद्घाटने झाली: कधी कारंज्याचे, कधी बाकांचे, एकदा तर निव्वळ उद्घाटनाच्या फलकाचे. इतक्या वेळा जन्मास येण्याचे भाग्य अन्य कोणत्या बागेस लाभले असेल?

प्रत्येक उद्घाटनात मान्यवरांच्या शुभहस्ते वृक्षारोपण. आणि शुभहस्त मलिन होऊ नयेत म्हणून रोप प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवण्याची आमची उज्ज्वल परंपरा. माळीबुवांनी पहिल्याच वर्षी विचारले होते, "भाऊसाहेब, पिशवीत कोंडलेलं मूळ जाणार कुठं? तुमच्या कपाटात?"

मी खात्यास शोभेल अशा गांभीर्याने उत्तरलो, "तो आपला विषय नाही."

चौदाही रोपे यथावकाश निजधामास गेली. नोंदवहीत मात्र ती अद्यापि 'सुस्थितीत' आहेत. मरणासाठी आमच्याकडे रकानाच नाही.

समारंभांतून उरलेली रोपे माळीबुवांनी पिशव्या फाडून मागच्या कुंपणालगत लावली, पोटच्या पोरांसारखी वाढवली. त्यांची चाळीस झाडे झाली. समोरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे नातेवाईक भर दुपारी त्याच सावलीत पाठ टेकतात. परंतु नियम सुस्पष्ट आहे: मान्यवराने लावलेले झाड तोडता येत नाही, आणि नोंदीवाचून वाढलेले झाड अनधिकृत. सबब सोमवारी ती चाळीसही तोडून तेथे वाहनतळ होणार. अध्यक्षमहोदयांनी ज्या हाताने त्या आदेशावर स्वाक्षरी केली, त्याच हाताने आत्ता माळीबुवांना पुष्पगुच्छ दिला. फुले कागदाची आहेत.

आदेश मीच वाचून दाखवला. माळीबुवा म्हणाले, "बरं झालं, झाडांना वाचता येत नाही. नाहीतर भिडेखातर आपणहून वाळली असती." मग कात्री पुसत राहिले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "निम्मी तरी ठेवतील का हो?"

प्रश्न माझ्या अधिकारकक्षेबाहेरचा होता. माझ्या कक्षेत केवळ नोंदवही येते.

असो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, मी उपकृत आहे. वाणीत काही आगळीक झाली असल्यास उदार अंतःकरणाने पोटात घालावी. लेखणीकडूनही आज सकाळी एक प्रमाद घडला: ती चाळीस झाडे साक्षात अध्यक्षमहोदयांच्या शुभहस्ते लावल्याची नोंद झाली. पक्क्या शाईत. तिच्या प्रती पहिल्या रांगेतले वार्ताहर वाचतच आहेत. दुरुस्ती अगदी सोपी आहे. 'मी यांतले एकही झाड लावलेले नाही' एवढे एकच वाक्य अध्यक्षमहोदयांनी स्वहस्ते लिहावे.

वही समोर ठेवली आहे. हे पेन. क्षमस्व.