धर्मातात्यांचा संशय

मंडळी, बसा. मागे खुर्च्या आहेत अजून. कळव्याहून पाव्हणे आलेत, डोंबिवलीहून तात्यांच्या लेकी आल्यात. एवढी माणसं या हॉलमध्ये लग्नालासुद्धा आली नव्हती. मी सुधाकर, बापू नाखव्याचा मुलगा. मासे मारतो, भाषणं करत नाही. धर्मातात्या गेले, हे तोंडातून अजून नीट निघत नाही. पण आज बोलायलाच लागेल.

आधी एक विचारतो. दारात सगळ्यांनी वहीत सही केलीत ना? हजेरीची वही म्हणून सांगितलं. वरचं पान कोणी वाचलं? कोणीच नाही. मीही नाही वाचलं. असेल हजेरीचीच. पण परवा आपल्या मच्छीमार सोसायटीत एक ठराव फिरत होता. पावसाळ्याच्या बंदीत वल्ह्याच्या होडीला छोटी बॅटरीची मोटर चालेल, असा. आणि खाली काय लिहिलेलं? 'कै. धर्मातात्यांच्या इच्छेनुसार.' चेअरमनसाहेब, तात्यांचं दहावं परवा झालं. ही इच्छा त्यांनी कधी सांगितली? कोणाला सांगितली? खाली बघू नका, मी फक्त विचारतोय.

पाव्हण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पावसाळ्यात मासा अंडी घालतो, तेव्हा इंजिनवाल्या होड्या बंद असतात. आपल्या वल्ह्याच्या होड्यांना तेवढी सूट आहे. का? तात्या सांगायचे, "मानूस दमतो रं. दमला का घरी येतो. यंत्र दमत नाय." एवढंच कारण. आणि एका होडीत जरी यंत्र सापडलं, तरी सूट जाणार ती सगळ्या कोळीवाड्याची.

म्हणून ते दोन महिने तात्या धक्क्यावर ठाण मांडून असायचे. होडी लागली की पहिला शब्द, "हात दाव." मासे नंतर, हात आधी. वल्हं मारणाऱ्याच्या तळव्याला घट्टे असतात, ते बघायचे. तुम्ही हसता, पण तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी हात दाखवलेत. एकाने तर काथ्याने तळवे घासून लाल केलेले. नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. तात्यांनी हात उलटासुलटा केला आणि म्हणाले, "वल्ह्याचा घट्टा बोटांच्या बुडाशी येतो. ह्या तर भांडी घासल्याचा हाय. बायकोला मदत करतंस, चांगला हाय. पन मोटर काढ."

सगळे वैतागायचे. मीही वैतागलेलो. म्हातारा पोलिसासारखा वागतो, म्हणायचो. स्वतःच्या जावयाची होडीही त्यांनी फळ्या काढून तपासलेली. लेकी इथे बसल्यात, विचारा त्यांना.

एकाच माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नाही. कोणावर? माझ्यावर. गेल्या आषाढात मी होडी भरून बोय मासळी आणली. बाकीच्यांच्या टोपल्या रिकाम्या. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "बापूच्या पोराचा हात मी बगत नाय." शिवाय पोरांना बोलावलं. म्हणाले, "सुधाकरला इचारा, पानी कसा वाचायचा."

आणि मी सांगितलं. पाण्याचा रंग बघा, म्हटलं. बुडबुडे कुठे येतात बघा, म्हटलं. बगळा कुठे बसतो त्यावर लक्ष ठेवा. तात्या मान डोलवत ऐकत होते. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मंडळी, सगळं खोटं होतं. मी पाणी वाचलेलं नव्हतं. माझ्याकडे एक चेंडू आहे, पाण्यात सोडायचा. मासा कुठे आहे, किती खोल आहे, सगळं मोबाइलवर दिसतं. इंजिन नाही, आवाज नाही, तळव्याला घट्टेसुद्धा तसेच राहतात. जाळं टाकायचं आणि ओढायचं. मी दमलोच नाही त्या दिवशी. पहिल्यांदा दमलो नाही, म्हणून परत गेलो. आणि परत गेलो. अंड्यांनी भरलेली बोय होती ती.

दुसऱ्यांच्या फळ्या त्यांनी उचलल्या, माझी उचलली नाही. तो विश्वास मला आजही पचत नाही. तात्या आजारी असताना मी भेटायला गेलेलो, सांगायचंच म्हणून गेलेलो. त्यांनी विचारलं, "होडी बरी हाय ना?" मी म्हटलं, बरी आहे. आणि चहा पिऊन आलो.

आता तुम्ही म्हणाल, मग तू कोण ठरावाला विरोध करणारा? बरोबर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. चेअरमनसाहेबांवरही ठेवू नका. जाताना त्या वहीचं वरचं पान वाचा, आणि नको असेल तर आपल्या सहीवर काट मारा. रविवारी ठरावाला मत देताना एवढंच लक्षात घ्या, की तात्यांची इच्छा काय होती ते या हॉलमध्ये प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून तात्यांना निरोप द्यायचाय. माझी विनंती आहे, ज्याच्या होडीत फळीखाली काही लपवलेलं नाही, त्यानेच उभं राहावं. बाकीच्यांनी बसूनच हात जोडावेत, कोणी काही बोलणार नाही.

तात्या, शेवटचा रामराम.

अरे, मला एक खुर्ची द्या.